कोपरा सांभाळणाऱ्याची जिम: आठवड्यात दोनच दिवस, पण जड

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय १७, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, कळव्यातल्या मंडळाकडून कबड्डीत डावा कोपरा, म्हणजे बचावफळीचं डावं टोक, खेळतो. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी अडीच तास मातीवर सराव, त्यातच सर २०० बैठका आणि ५ किलोमीटर पळवून घेतात. सकाळी सहा दिवस जिम: एक दिवस छाती-ट्रायसेप, एक दिवस पाठ-बायसेप, मग खांदे, शनिवारी पाय. उजव्या मांडीची मागची शिर वर्षभरात दोनदा धरली, दुसऱ्यांदा गोविंदाच्या सरावाच्या दिवसांत. उत्तरार्धात पाय जड होतात. डिसेंबरात ज्युनियर निवड चाचणी, म्हणजे हाती १२ आठवडे. जिम ठेवायची की सोडायची? आणि वजनं उचलून उंची खुंटते, हे वडिलांचं म्हणणं खरं का?

जिम ठेवा, पण आत्ता चालू आहे ती नाही.

आधी वडिलांची शंका. वजनं उचलल्यामुळे उंची खुंटते याला आधार नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या भागाला इजा होऊ शकते, पण ती होते चुकीच्या पद्धतीने, झेपत नसलेलं वजन एकट्याने उचलताना किंवा पडल्यामुळे. पकड करताना उडी मारून एका पायावर उतरणं, धडक देणं, यात सांध्यांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि तो तर रोज संध्याकाळी येतोच आहे. त्यापुढे नीट शिकवलेला ४० किलोचा स्क्वॉट (वजन घेऊन मारलेली बैठक) सौम्य म्हणायचा. अट दोनच: शिकवणारा माणूस बाजूला हवा, आणि "बघू किती उचलतोस" असली मित्रांची पैज नको.

आता उत्तरार्धात पाय का जातात ते पाहू, कारण सगळा आराखडा त्यावर उभा आहे. घरी सगळे म्हणत असतील, दमसास कमी आहे, अजून पळव. पण एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. त्यात कोपऱ्याच्या खेळाडूचं खरं काम, म्हणजे घोट्यावर झेप आणि ओढ, दोन-चार सेकंदांचं. उरलेला वेळ तो गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून पवित्र्यात सरकत असतो, आणि हे २०-२० मिनिटांच्या दोन डावांत. स्नायू आपल्या कमाल ताकदीच्या जितक्या मोठ्या हिश्शाने आवळलेला असतो, तितका त्याच्यातला रक्तपुरवठा दाबला जातो. ज्याची कमाल ताकदच कमी, त्याला तोच पवित्रा जास्त महाग पडतो. मांड्या पेटतात, मग तो नकळत उंच उभा राहतो, आणि उंच उभा राहिलेला कोपरा घोट्यापर्यंत वेळेवर पोचत नाही. अशा मुलाला आणखी ५ किलोमीटर पळवून हा खर्च कमी होत नाही. कमाल ताकद वाढली की होतो.

२०० बैठकांचंही तेच. जोर-बैठका वाईट अजिबात नाहीत. तालमीतल्या मल्लांची खांद्याची आणि गुडघ्याची सहनशक्ती त्यातूनच येते. पण जी हालचाल सलग ३०-४० वेळा करता येते, ती पुढे ताकद फारशी वाढवत नाही, नुसती सवय वाढवते. बैठकीत टाच उचललेली आणि गुडघा पुढे असल्यामुळे काम मांडीच्या पुढच्या भागाला मिळतं. मागची शिर, जी दोनदा धरली, ती जवळजवळ सुटीवर असते. पुढचा भाग तगडा आणि मागचा तसाच, अशी विषमता मग झेप घेताना हिशेब मागते.

सध्या आठवड्यात एकूण किती ओझं पडतंय ते एकदा कागदावर मांडा. साधी रीत आहे: मिनिटं गुणिले त्याला वाटलेली कठीणता, १ ते १० मध्ये. संध्याकाळचा सराव १५० मिनिटं, कठीणता ७, म्हणजे १०५०. पाच दिवसांचे ५२५०. जिम ६० मिनिटं, कठीणता ६, सहा दिवसांचे २१६०. एकूण ७४१०. गुरुपौर्णिमेपासून गोपाळकाल्यापर्यंत साधारण साडेपाच आठवडे असतात. त्या काळात रात्रीचा थरांचा सराव यावर आणखी चढला असणार. खालच्या थरात खांद्यावर माणूस घेऊन उभं राहणं हे जड व्यायामातच मोजायला हवं. शिर दुसऱ्यांदा त्याच दिवसांत धरली यात नवल नाही. नुसती थंड अंगाने शिर धरली असती तर वॉर्मअप वाढवून भागलं असतं. इथे ओझ्यावर ओझं चढलं. पुढच्या श्रावणात त्याला थरात उभं राहायचंच असेल, तर त्या आठवड्यांत जिमचा एक दिवस कमी करा.

दुखापतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मांडीची मागची शिर पुन्हा धरण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती आधी धरलेली असणं. म्हणून आराखडा सुरू करण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा आणि घरी ही तपासणी करा. जमिनीवर पाठीवर झोपून एक टाच साधारण ६० सेंटिमीटर उंच स्टुलावर ठेवायची, गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय हवेत, आणि कंबर उचलायची-खाली करायची. प्रत्येक पायाने २० ते २५ वेळा व्हायला हवं आणि दोन्हींचा आकडा जवळपास सारखा हवा. डावा २६ आणि उजवा १४ आला, तर पहिले तीन आठवडे हाच त्याचा मुख्य व्यायाम: दोन्ही पायांचे ३-३ सेट, फक्त उजव्याला एक सेट जास्त. करताना शिरेत टोचल्यासारखं झालं तर थांबायचं. नुसतं ताणल्यासारखं, जळजळल्यासारखं वाटलं तर चालेल.

आता जिम. आठवड्यात दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार, प्रत्येकी ५० ते ५५ मिनिटं, आणि दोन्ही दिवशी पूर्ण अंग. सामने बहुतेक रविवारी असतात, म्हणून गुरुवारनंतर पायांना तीन रात्री आणि पूर्ण दोन दिवस मिळतात. संध्याकाळचा कठीण सरावही याच दोन दिवशी ठेवायला सरांना सांगा. जड दिवस जडच, हलका दिवस खरोखर हलका. सगळेच दिवस मधलेच गेले की ना ताकद वाढते ना थकवा उतरतो, आणि सध्या नेमकं तेच चाललं आहे.

पद्धतीचा पहिला नियम: प्रत्येक सेट दोन रेप्स (म्हणजे आवर्तनं) अंगात राखून थांबवायचा. "अजून दोन निघाले असते" असं प्रामाणिकपणे वाटलं तिथे रॉड ठेवायचा. ट्रेनर "एक और, एक और" ओरडून शेवटची रेप ओढून काढायला लावतो ती पद्धत शरीर फुगवायला बरी. पण त्याच संध्याकाळी ज्याला झेप घ्यायची आहे त्याच्या पायांतली चपळाई ती काढून घेते.

दुसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण आकडे तिथेच चुकतात. आपल्याकडच्या लहान जिममधले सगळे रॉड २० किलोचे नसतात. १०, १२, १५, काहीही असतात, आणि रबरी प्लेटवर छापलेला आकडाही कधी एखाद्या किलोने खोटा निघतो. वजनकाट्यावर रॉड घेऊन उभे राहा, मग रॉडशिवाय, आणि वजा करा. त्यानंतर नेहमी तोच रॉड वापरा. सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेट्स बहुतेक जिममध्ये नसतात. त्या विकत घ्या आणि पिशवीत ठेवा. पाच-पाच किलोच्या उड्या मारत चढवल्यामुळे पद्धत बिघडते, प्रगती अडते, आणि पोरं त्याला "प्लेटो आला" म्हणतात.

पहिले तीन आठवडे शिकण्याचे. मंगळवारी छातीशी डंबेल धरून गॉब्लेट स्क्वॉट, १६ किलोने सुरू करून २२ पर्यंत, ३ सेट ८ रेप्स. मग रोमानियन डेडलिफ्ट (रॉड हातात धरून खुब्यातून वाकणं, रीत पुढे आहे) ३० किलो, ३ सेट ८. डंबेल बेंच प्रेस ३ सेट ८, एका हाताने डंबेल रो ३ सेट १०. शेवटी जांघेसाठी कोपनहेगन प्लँक: कुशीवर आडवं होऊन वरच्या पायाचा गुडघा बाकावर, खालचा पाय मोकळा, कंबर उचलून धरायची, प्रत्येक बाजूला १५ सेकंद, २ वेळा. कोपऱ्यावर पाय रुंद टाकून सरकणाऱ्याची जांघ हमखास आखडते. हा व्यायाम कंटाळवाणा आहे म्हणून पोरं टाळतात, पण तो गाळू नका. गुरुवारी मागचा पाय बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट, दोन्ही हातांत ८-८ किलो, ३ सेट ८. पुल-अप्स ३ सेट, जितके स्वच्छ निघतील त्याहून एक कमी. उभं राहून खांद्याचा प्रेस ३ सेट ८. एका पायावर पोटरीचे रेज ३ सेट १२, त्यातला एक सेट गुडघा वाकवून. मग फार्मर्स वॉक. जिममध्ये चालायला जागा नसते, तेव्हा सोसायटीच्या आवारात २० लिटरचे पाण्याचे दोन भरलेले जार घेऊन ३० मीटर, ४ फेऱ्या. जारची मान बोटांनीच धरायची, कवेत घ्यायची नाही. घोटा पकडला की चढाईपटू पाय झटकतो, तेव्हा तीच बोटं टिकतात. हाच हिशेब टॉवेलला लटकण्याचा: पुल-अपच्या दांडीवर जाड टॉवेल टाकून दोन्ही टोकं धरून २० सेकंद, ३ वेळा.

चौथ्या आठवड्यापासून रॉड पाठीवर. स्क्वॉट ४५ किलो, ३ सेट ५ रेप्स. रॉडचा स्क्वॉट मंगळवारी आणि गुरुवारीही, फक्त गुरुवारी २ सेट. गुरुवारचा स्प्लिट स्क्वॉट मग २ सेटवर आणा. रॉडचे पहिले तीन आठवडे दर वेळी अडीच किलो वाढवत सहाव्या आठवड्याअखेर ५७.५ वर पोचेल. सातवा आठवडा हलका: वजन तेच, सेट निम्मे. पुढे आठवड्याला एकदाच वाढ. आठ ते अकरा आठवड्यांत रेप्स ५ वरून ३ वर आणा, अकराव्याअखेर ६७.५ ते ७० किलो ३ रेप्स निघायला हव्यात, म्हणजे स्वतःच्या वजनाहून थोडं वर. पहिल्या १२ आठवड्यांत एवढं पुष्कळ झालं. दीडपट वगैरे पुढच्या वर्षी. रोमानियन डेडलिफ्टही याच गतीने ३० वरून ६० च्या आसपास जाईल, पण ते ६ रेप्सच्या खाली आणू नका.

स्क्वॉटमध्ये काय बिघडतं? कळव्याच्या जिममध्ये काय आणि वाशीच्या काय, तीन चुका सगळीकडे दिसतात. टाच उठते: घोटा कडक आहे, तूर्त टाचेखाली अडीच किलोची प्लेट ठेवा आणि घोट्याचा ताण रोज दोन मिनिटं. गुडघे आत पडतात: वजन जास्त झालंय किंवा पाय फार जवळ आहेत. आधी १० किलो कमी करून बघा, मग बाकीचं. खाली गेल्यावर कंबर गोल होते: तेवढं खाली जायचंच नाही, ती जागा येण्याच्या वीतभर आधी थांबायचं. मोबाईल कमरेच्या उंचीवर, बाजूने ठेवून एक सेट चित्रित करा. समोरून काढलेल्या चित्रणात कंबर दिसत नाही. धावायचे मऊ बूट स्क्वॉटला नकोत, सपाट तळाचे कॅनव्हास बूट बरे. स्मिथ मशीनवर स्क्वॉट नको. तिथे रॉड ठरलेल्या रेषेत चालतो आणि शरीराला तोल सांभाळावा लागत नाही. कोपरारक्षकाला तर नेमका तोच शिकायचा आहे.

रोमानियन डेडलिफ्टमध्ये चूक एकच, पण सार्वत्रिक: पोरं खाली बसतात. बसायचं नाही, खुबा मागे ढकलायचा. पाठीमागे एक हात अंतरावर भिंत ठेवून ढुंगणाने भिंतीला स्पर्श करायला सांगा, हालचाल लगेच कळते. रॉड मांडीला घासत खाली, गुडघा थोडाच वाकलेला, नडगीच्या मध्यापर्यंत, वर येताना घाई नाही. मांडीच्या मागे ताण जाणवला तर बरोबर. कमरेत जाणवला तर रॉड अंगापासून दूर गेला आहे.

शिरेसाठी खरं औषध नॉर्डिक आहे, आणि त्याला जिम लागत नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, खाली गोणपाट दुमडून किंवा मॅट, जोडीदार घोटे दाबून धरतो, आणि डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ फळीसारखं पुढे झुकत जायचं, जितकं आवरता येईल तितकं सावकाश. आवरेनासं झालं की हात टेकायचे, हातानेच ढकलून वर यायचं. खुब्यात वाकलं की व्यायाम वाया. पहिल्या आठवड्यात फक्त २ सेट ३ रेप्स, तेही एकदाच, मंगळवारचा सराव संपल्यावर. दुसऱ्या आठवड्यात २ सेट ४. तिसऱ्यापासून मंगळवार-गुरुवार ३ सेट ४ ते ५, नवव्यानंतर पुन्हा एकदाच. पहिल्या वेळेनंतर दोन दिवस मागची मांडी अशी दुखेल की जिना उतरताना पाय थरथरतील. म्हणूनच सामन्याच्या आठवड्यात सुरुवात नको आणि रेप्स इतके कमी. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत हा व्यायाम नेमाने करणाऱ्यांत मागच्या शिरेच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या आहेत. पण नेमाने हा शब्द महत्त्वाचा. महिनाभर केलं, दुखणं गेलं, सोडलं, असं झालं तर फायदा काही आठवड्यांत ओसरतो.

मान विसरू नका. धडकेत आणि ढिगाऱ्याखाली मान सापडते. तळहात कपाळाला, मागे, दोन्ही बाजूंना लावून डोकं न हलवता १० सेकंद दाब, ३ फेऱ्या, दोन्ही जिमच्या दिवशी. तालमीतला मानेचा पूल आत्ता नको.

धावणं. रोजचे ५ किलोमीटर काढा. आठवड्यात एकदा, सोमवारी, २५ मिनिटं गप्पा मारता येतील अशा वेगाने पळाला तर पुरे. त्याऐवजी शनिवारी सकाळी चढावर छोट्या धावा. ठाण्यातल्या उपवनहून येऊरला चढणारा रस्ता यासाठी उत्तम आहे, पण तो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीकडचा भाग आहे, बिबट्याचा वावर असतो. उजाडल्यावरच जा, दोघंतिघं मिळून, आणि वाहनांकडे लक्ष ठेवून. जाणं जमत नसेल तर इमारतीचा जिना, चार मजले, दोन-दोन पायऱ्या, उतरताना चालत. चढावर ८ सेकंद जोरात, चालत खाली, दोन मिनिटं विश्रांती, असे ६. चढावर वेग कमी राहतो आणि पाय फार पुढे फेकला जात नाही, त्यामुळे मागच्या शिरेला धोका कमी. चार आठवडे हे झालं की पाचव्यापासून सपाट मैदानावर २० मीटर, आधी ७० टक्के जोराने, मग ८०, ९०, आणि आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण वेगाच्या ४ ते ६ धावा. शिर धरेल म्हणून पूर्ण वेगाने पळायचंच नाही, ही काळजी उलटी पडते. सामन्यात पळावं लागतंच, आणि तेव्हा शिर त्या वेगाला अनोळखी असते. रविवारी सामना असेल तर शनिवारच्या धावा गाळा.

शेवटच्या चार आठवड्यांत, मंगळवारच्या सरावाअखेर, कबड्डीच्याच हालचालींचे ३० सेकंद काम आणि ३० सेकंद विश्रांती असे ६, मग तीन मिनिटं थांबून पुन्हा ६. पवित्र्यात सरकणं, झेप, उठणं, मागे पळणं. नॉर्डिक त्या दिवशी याच्यानंतरच. दमसासाचं काम एवढंच, आणि ते खेळाच्या मापाचं आहे.

उड्या मात्र आधी उतरण्यापासून शिकवा. ३० सेंटिमीटर उंच ठोकळ्यावरून पाऊल टाकून दोन्ही पायांवर आवाज न करता उतरायचं, गुडघे आत न पडता, ३ सेट ४. दोन आठवड्यांनी लांब उडी ३ सेट ३, मग बाजूला एका पायावरून दुसऱ्यावर, ३ सेट ४. एका वेळी एकूण ५० च्या वर उतरणं नकोत. परतीच्या पावसात माती वरून कोरडी आणि खालून चिकट असते, पाय रुततो आणि गुडघा फिरतो. त्या दिवशी उड्या गाळा, सोसायटीच्या ओल्या लादीवर तर नकोच.

सरांशी बोलणं बाकी आहे, आणि ते तुम्हीच करा, भावाला पुढे करू नका. मंडळात सरांना डावलून जिमच्या ट्रेनरचं ऐकणारा पोरगा पहिल्या सातातून लवकर बाहेर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. "बैठका बंद करा" असं म्हणू नका. "सर, मंगळवार-गुरुवारी सकाळी पायाचं जड काम असतं, त्या दोन दिवशी बैठका ४० चालतील का?" असं विचारा, वही दाखवा. बहुतेक सर ऐकतात.

खाणं. ६४ किलोच्या या मुलाला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं लागतील. चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या डाळ किंवा उसळ १४, १०० ग्रॅम चिकन किंवा बांगडा २०, ५० ग्रॅम कोरडे सोयाबीन चंक्स २५: झाले ९९, पोळ्या आणि शेंगदाणे वेगळे. मांसाहार नसलेल्या वारी दही आणि पनीर वाढवा. डब्याची पावडर लागत नाही. जिममध्ये मिळणारं प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) तर नकोच: त्यात काय आहे ते लेबलवर पूर्ण असेलच असं नाही, आणि उत्तेजक चाचणीत सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात. ज्युनियर मुलांची वजनमर्यादा ७० किलो असते, तरी निवडीच्या सूचनेत एकदा तपासा. म्हणजे त्याला वाढायला जागा आहे, पण १२ आठवड्यांत दीड-दोन किलोच्या वर वाढलं तर ती बहुधा चरबी असेल आणि झेप जड होईल.

ऑक्टोबरच्या उकाड्यात सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी गेलं. पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर भरून काढायचं, त्यात मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. वजन सव्वा किलोपेक्षा जास्त घटत असेल तर तो सरावात पुरेसं पीत नाही, आणि उत्तरार्धातल्या जड पायांचं एक कारण तिथेही आहे.

झोप आठ तास. बारावीचा अभ्यास, रात्री नऊला सुटणारा सराव, आणि पहाटे साडेपाचचा गजर हे गणित जमत नाही. रात्री बाराला झोपला असेल तर सकाळची जिम रद्द करून ती संध्याकाळी सरावाच्या आधी, ४० मिनिटांत, फक्त पहिले तीन व्यायाम, अशी उरका. त्या दिवशी सराव तांत्रिक ठेवायला सांगा.

बाराव्या आठवड्यात मंगळवारी स्क्वॉट ६० किलो, २ सेट ३, पुल-अप्स २ सेट, मानेचं काम, एवढंच. गुरुवारी जिम नाही, नॉर्डिक नाही, नवीन काहीही नाही. निवड चाचणी मॅटवर असेल, तर मातीवर तयार झालेल्या मुलाने त्याआधी किमान चार-पाच सराव मॅटवर करायलाच हवेत. मॅट पाय धरून ठेवते, मातीवरची घसरत थांबायची सवय तिथे घोटा आणि गुडघा पिळते. मॅटचे बूट नवे असतील तर ते दोन आठवडे आधी घालून मोडून घ्या, आणि चाचणीच्या सकाळी वॉर्मअपमध्ये २० मीटरच्या तीन धावा, शेवटची ९० टक्क्यांची. उजवी शिर ओढल्यासारखी वाटली तर पहिल्या चढाईच्या आधीच सरांच्या कानावर घालायला सांगा.